ऐकू येत असेल तर...

रबरी डमीच्या डोळ्यात बॅटरी मारली तर डोळा जसाच्या तसा राहतो. रबरच ते, त्याला उजेडाचं काय! म्हणून त्या दुपारी सिस्टरने तीन नंबरच्या बेडवरच्या डमीची पापणी अंगठ्याने वर केली, बॅटरी लावली आणि आतली काळी बाहुली झर्रकन आकसली, तेव्हा तिने जी किंकाळी मारली ती मागच्या लॉंड्रीपर्यंत गेली असणार.

"अगं आई गं!"

"आई नाही... मी," ऑक्सिजनच्या मास्कमधून डमी म्हणाला. "सॉरी हं. हातपाय, चेहरा, सगळं माझ्या ताब्यात असतं. पण या बाहुल्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

सिस्टरने बॅटरी छातीशी घट्ट धरली. "तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?"

"डॉक्टरांचं तरी तसंच मत आहे," म्हणत तो उठून बसला. डोक्याला गुंडाळलेल्या बॅंडेजवर लाल शाई लावली होती आणि एका कानामागून ती ओघळून वाळली होती. "तुमचा डमी तो, पलीकडे. चार नंबर. त्याला पाय नाहीत, म्हणून चादर अंगभर घालतात. मी बेड तीन."

"बेड तीन म्हणजे?"

"म्हणजे मीच. तुमच्या सरावासाठी पेशंटचं सोंग घेऊन पडतो. इथे सगळे मला त्याच नावाने हाक मारतात."

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेली ही सरावाची खोली यंदाच सुरू झाली होती, आणि सिस्टरने ती त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली होती. कित्येक दिवसांत आभाळ उघडलं नव्हतं. पाऊस म्हणावा तर नाही, धुकं म्हणावं तर तेही नाही. नुसतं करडं काहीतरी खिडकीच्या काचेला चिकटून बसलेलं. वरची ट्यूब मधूनच फडफडायची. अशा उजेडात खरा माणूस आणि रबरी माणूस ओळखायचा कसा? पण ट्यूटर मॅडमना हे कोण सांगणार! त्या धावत आल्या, चष्मा नाकावर चढवला आणि किंकाळीचं कारण कळल्यावर एवढंच म्हणाल्या, "डोळ्यांत बघण्याआधी छाती बघायची गं. श्वास चालतो की नाही, ते आधी. हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

सिस्टरचा चेहरा पडला. श्वास बघायचं आपण विसरलो? घरी असताना झोपलेल्या लेकीच्या नाकाशी दहादा बोट धरून श्वास लागतो ना ते बघणारी आपण?

"मॅडम, चूक माझीच आहे," बेड तीन मध्येच म्हणाला. "मी श्वास चोरून घेतो. सवय झालीय."

ते खोटं होतं. त्याचा श्वास चांगला खालीवर होत होता. मॅडमनाही ते दिसत होतं आणि सिस्टरलाही. पण आपल्यासाठी कुणीतरी एवढंसं खोटं बोललं, याचंच तिला त्या करड्या दुपारी नवल वाटलं. तशी सवय सुटून बराच काळ झाला होता.

*

क्रिटिकल केअरच्या परीक्षेची ही तिची दुसरी खेप होती. हॉस्पिटल दोनदाच बसू देत असे. या वेळी गेली की गेली. मग जन्मभर जनरल वॉर्डात टेंपरेचर लिहीत बसायचं.

टेंपरेचर लिहायलाही तिची ना नव्हती. पण तिची बिट्टी दुसऱ्या गावाला, आजीकडे होती. चार वर्षांची पोर, आणि इथे आईला सकाळ-दुपार-रात्र फिरती ड्युटी. ठेवणार कुणापाशी? आजीच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला जागा निघाली होती, पण हा कोर्स पास असलेल्यांनाच. म्हणजे परीक्षा सुटली तर बिट्टी मिळणार होती. नाहीतर फोनवरच्या "आई, तू कधी येनाल?" ला "लवकरच गं राजा" म्हणत राहायचं. आता तर बिट्टीने तेही विचारणं कमी केलं होतं, आणि विचारण्यापेक्षा ते न विचारणंच जास्त लागायचं.

पहिल्या खेपेला लेखी पेपर उत्तम गेला होता. ट्यूब, सक्शन, व्हेंटिलेटरचे आकडे, सगळं पाठ. घोटाळा झाला प्रात्यक्षिकात. बेशुद्ध पेशंटला तपासायचं होतं, आणि नियम असा की पेशंट बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलत बोलतच सगळं करायचं. आता कूस बदलते हं. आता तोंड पुसते, पाणी गार आहे. कान कधी मिटतात ते कुणालाच नक्की माहीत नसतं, म्हणून. सिस्टरने हात सगळे बरोबर चालवले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. परीक्षकांनी शेवटी विचारलं होतं, "तुम्ही ओंडका तपासताय की माणूस?"

कारण तिचं तिला माहीत होतं. लग्नाची सगळी वर्षं ती एका पाठीशी बोलत आली होती. भिंतीकडे तोंड करून पडलेली रुंद पाठ. आज बिट्टीला ताप होता... आज पंखा बिघडला... उद्या माझी सकाळची ड्युटी आहे... पाठ हूं की चूं करत नसे. भांडण नाही, शिवी नाही, हात उगारणं नाही. नुसती पाठ. शेवटी एक दिवस ती बोलायची थांबली, आणि ती थांबली हेदेखील त्या पाठीच्या लक्षात आलं नाही. तेव्हा ती बिट्टीला कडेवर घेऊन निघाली. कागदोपत्री सगळं मिटलं. पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलायला गेलं की तिचा गळा आतून आवळायचा, ते काही मिटलं नव्हतं.

*

"बोला की," दुसऱ्या दिवशी बेड तीनने एक डोळा किलकिला करून सांगितलं. मॅडम बाहेर गेल्या होत्या. "इतका वेळ तुम्ही नुसती चादर सरळ करताय. इस्त्री केल्यासारखी झालीय."

"बेशुद्ध माणसाने मध्ये बोलू नये."

"मग शुद्धीवरच्या माणसाने बोलावं. काहीतरी."

"काय बोलू?" ती चिडलीच. "समोरून उत्तर नाही, हूं नाही... वेड्यासारखं वाटतं."

तो उशीवरून थोडा वर सरकला. लाल शाईचं बॅंडेज आज हाताला होतं. "माझे वडील घरी बेडवर आहेत. अर्धं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. सकाळी त्यांना आंघोळ घालतो, खाऊ घालतो, कूस बदलतो, आणि तोंडाने गाडी चालूच. शेजारच्यांची भांडणं, क्रिकेट, कुठला लाईटचा खांब पडला, सगळं. आधी मीही उत्तराची वाट बघायचो. वाट बघितली की आवाज अडकतो, सिस्टर. एक दिवस वाट बघायची सोडली. म्हटलं, आपण फक्त पोचवायचं."

"मग दुपारी इथे येता?"

"दुपारी बहीण येते त्यांच्यापाशी. मी इथे येऊन पडतो. घरी बोलतो, इथे ऐकतो. हिशेब सरळ!" आणि डोळे मिटून तो पुन्हा बेशुद्ध झाला.

सिस्टरने खिडकीकडे पाहिलं. काचेवर थेंब जमून ओघळले. मग ती अगदी हळू म्हणाली, "दादा... आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं. बाहेर... बाहेर काहीच दिसत नाहीये. लॉंड्रीचा धूर आणि आभाळ एकाच रंगाचं झालंय. आणि माझ्या बुटात पाणी गेलंय सकाळपासून..."

गळा आवळला नाही. थोडा खरखरला, एवढंच.

सराव संपल्यावर तो उठून बसला आणि बोटं मोडत म्हणाला, "आता माझी पाळी. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत कोरडे होतात. दुसरं म्हणजे, डाव्या कुशीवर म्हणालात आणि उजवीकडे वळवलंत. आणि तिसरं... दादा म्हणालात. ते मात्र माफ नाही."

"आम्ही सगळ्या पेशंटना म्हणतो तसं."

"सगळ्यांना म्हणा. मला नको."

"मग काका म्हणू?"

"सिस्टर, दया करा."

"आजोबा?"

"नुसतं 'अहो' म्हणा की! सुटसुटीत."

"अहो नवऱ्याला म्हणतात."

"बसच्या कंडक्टरलाही म्हणतात. अहो, थांबवा, माझा स्टॉप गेला!" त्याने हात उंचावून असा काही आवाज काढला की सिस्टर हसली. हसली आणि दचकली. स्वतःचं हसू ओळखीचं वाटेना.

मग ती पद्धतच पडून गेली. ड्युटी संपली की ती पुस्तकं छातीशी धरून मागच्या खोलीत यायची. चार नंबरच्या रबरी डमीवर ट्यूब आणि सक्शनचा सराव, आणि तीन नंबरवर बोलण्याचा. तो डोळे मिटून पडलेला असताना ती त्याला सांगायची. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला तर आधी मशीनकडे नाही, पेशंटकडे बघायचं हे तिला कसं पाठ करावं लागतं ते. खोलीवरचा नळ रडतो ते. बिट्टीने आजीच्या चष्म्याला पावडर लावली ते. तो हूं की चूं करत नसे. आणि सराव संपला की डोळे उघडून एकेका गोष्टीला ओळीने उत्तर द्यायचा. नळाला वॉशर बसवा. पावडर ओल्या कपड्याने काढू नका, काचेवर ओरखडे येतील. एकही गोष्ट गळायची नाही.

लगेच उत्तर न देणारा, पण सगळं ऐकणारा माणूस... असा माणूस असतो? सिस्टर बसमध्ये काचेला डोकं टेकवून विचार करायची, आणि मग विचाराचा कान धरून त्याला खाली बसवायची. गप्प बैस. तुला परीक्षा आहे.

*

एकदा तर त्याने कहरच केला. मॅडम समोर खुर्चीत बसून सराव बघत होत्या. सिस्टरने दोन बोटं त्याच्या तळहातात ठेवली आणि म्हणाली, "ऐकू येत असेल तर माझी बोटं दाबा."

बेड तीनने काय सोंग घ्यायचं त्या कार्डावर लिहिलं होतं, प्रतिसाद नाही. पण बोटं दाबली गेली. हळूच, खोडकर.

सिस्टरचे कान तापले. "मॅडम... सांगितलेलं कळतंय पेशंटला. बोटं दाबली."

"कळतंय?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सोडायला सांगितलंस?"

"...नाही."

"मग कशावरून कळलं? तुला मुलगी आहे ना? तान्ही असताना तिच्या तळव्यात बोट दिलंस तर काय करायची?"

"घट्ट धरायची."

"तुझं ऐकून धरायची का? हातात काही आलं की मूठ मिटते, त्याला अक्कल लागत नाही. मेंदूला मोठा मार लागला की मोठी माणसंही तशीच धरतात. म्हणून दाबा म्हणायचं आणि मग सोडा म्हणायचं. सांगितल्यावर सोडतो, तो शुद्धीवर. दाबून नुसता धरून राहतो त्याला आज्ञा कळते असं लिहायचं नाही. परीक्षेत यावर भले भले घसरलेत." मग बेडकडे वळून, "आणि तुम्ही हो, बेड तीन! प्रतिसाद नाही असं असताना परीक्षेत हा चावटपणा केलात तर माझी पोर उगाच नापास होईल. समजलं?"

बेड तीन अर्थातच बेशुद्ध होता. मॅडम बाहेर गेल्यावर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "समजलं."

"कशाला दाबलीत?" सिस्टर कुजबुजली.

"बाहुल्यांसारखंच झालं," तो म्हणाला. "ताब्यात नव्हतं."

 ती बोटं एप्रनच्या खिशात घालून उभी राहिली, जणू ती कुणी हिसकावून घेईल.

*

परीक्षा जवळ आली तशी आभाळाने आणखीच बसकण मारली. आईचा फोन आला. बिट्टीला खोकला होता, फार नव्हता. पण सिस्टरला 'फार नाही' या शब्दांचा फार अनुभव होता. वॉर्डात 'फार नाही' म्हणत आलेली माणसं तिने आयसीयूत जाताना पाहिली होती.

"श्वास किती घेतेय मिनिटाला? पोट आत ओढतेय का? आई, मोज ना गं!"

"अगं, खेळतेय ती," आई वैतागली. "तू तिकडे अभ्यास कर आणि एकदाची इकडे ये. मग मोजत बस."

त्या दिवशी बेड तीनच्या कपाळावर शाई नव्हती. चादर गळ्यापर्यंत ओढून तो पडला होता. सिस्टरने त्याची उशी सरळ केली. बोलायला सुरुवात करताना आधी बाहेरचं धुकं सांगितलं, मग आईचा फोन, मग खोकला. आणि मग, हात चालू असतानाच, ती म्हणून गेली, "हे सुटलं ना, की मी जाणार आहे. आईच्या गावाला. तिथल्या आयसीयूत जागा आहे. बिट्टी माझ्यापाशी राहील... परत नाही यायची मी इकडे."

मिटलेल्या पापण्या मिटलेल्याच होत्या. छाती खालीवर होत होती. आधी छाती बघायची, मॅडम म्हणाल्या होत्या. तिने बघितली. एक श्वास थोडा उशिरा आला.

सराव संपला. तो उठून बसला. बोटं मोडली. "खोकल्याला कोमट पाणी द्या, आणि उशी थोडी उंच करायला सांगा. धुकं... धुक्याला माझ्याकडे इलाज नाही. आणि आज डावीकडे म्हणून डावीकडेच वळवलंत. प्रगती आहे."

ती वाट बघत राहिली. आणखी एक गोष्ट उरली होती.

त्याने पायात चपला सरकवल्या. "येतो. वडिलांचं जेवण राहिलंय," म्हणाला आणि गेला. पहिल्यांदाच एक गोष्ट उत्तराशिवाय राहिली.

त्याला काय विचारायचं? तुम्ही या म्हणायचं? त्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला उचलून? आणि त्याने तरी काय म्हणावं? जाऊ नका म्हणावं? बिट्टीच्या खोकल्यासमोर? दोघंही एवढे शहाणे होते की बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं. शहाणपणाचा एवढा राग सिस्टरला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा बेडवर होता. "चला, अलार्म वाजला तर आधी कुणाकडे बघायचं?" त्याने विचारलं. तिने जाऊ नये असं त्याला वाटत असेल, तर तिची तयारी एवढी पक्की करून घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. पण तो घेत होता. एकेक प्रश्न पुन्हा पुन्हा. जणू स्वतःच्या हाताने तिची बॅग भरून देत होता.

*

परीक्षेच्या दिवशी खोली ओळखू येत नव्हती. पडदे धुतलेले, ट्यूब बदललेली. बाहेरगावच्या परीक्षक बाई बेडच्या पायथ्याशी उभ्या होत्या, हातात पॅड. बारीक केस, बारीक ओठ. मॅडमना आत यायला बंदी. तीन नंबरवर तो होता. मास्क, कपाळाला बॅंडेज, मिटलेले डोळे. उमेदवाराने पेशंटला ओळख दाखवायची नाही, पेशंटने उमेदवाराला नाही.

"सुरू करा."

सिस्टरने आधी त्याच्या छातीकडे पाहिलं. श्वास. मग हात धुतले आणि तोंड उघडलं. क्षणभर ती जुनी पाठ समोर आली... रुंद, भिंतीकडे वळलेली. आवाज अडकू लागला.

आपण फक्त पोचवायचं.

"अहो," ती म्हणाली. "मी सिस्टर. तुम्ही हॉस्पिटलात आहात. दुपार आहे. बाहेर धुकं आहे, पण लॉंड्रीवरचा पत्रा आज थोडा दिसतोय." परीक्षकांचं पेन थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. "मी आता तुमच्या डोळ्यांत उजेड पाडणार आहे, घाबरू नका. थंड लागतील माझे हात."

बाहुल्या आकसल्या. कुणाच्या बापाचं न ऐकता.

"आता उशी सरळ करते. मी इथेच आहे तुमच्यापाशी. मला जायचं असेल तेव्हा तुम्हाला सांगून जाईन." हे वाक्य पुस्तकातलंच होतं. पेशंटजवळून हलण्याआधी त्याला सांगावं, असा नियमच आहे. पण म्हणता म्हणता तिचा आवाज नियमातून निसटला. "न सांगता जाणार नाही मी."

तिने दोन बोटं त्याच्या तळहातात ठेवली.

"ऐकू येत असेल तर माझी बोटं दाबा."

आणि त्याने दाबली.

खोडकर नव्हे, हळू नव्हे. बुडणारा माणूस धरतो तशी घट्ट.  कार्डावर काय असणार ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मान वर केली. परीक्षक बाई तिच्याकडेच बघत होत्या. पायथ्यापासून मूठ दिसत नव्हती, चादरीचा काठ मध्ये होता.

"काय मिळालं?"

प्रतिसाद नाही म्हटलं तर सुटली असती. उत्तर कार्डाशी जुळलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण जे हाताला लागलं ते नाही म्हणायचं? एवढी वर्षं एका घरात तिला हेच तर मिळालं होतं... असलेलं नसल्यासारखं.

"बोटं दाबली," ती म्हणाली.

बाईंच्या भुवया वर गेल्या. "दाबली? म्हणजे सांगितलेलं कळतं, असं लिहू?"

"थांबा, मॅडम." सिस्टर पुन्हा खाली वाकली. मास्कच्या आत वाफ जमत होती, विरत होती. "अहो... आता सोडा."

मूठ तशीच राहिली.

"ऐकताय ना? माझी बोटं सोडा."

नाही सोडली. उलट आणखी घट्ट. चेहऱ्यावर रेघही हलली नाही, पापणी लवली नाही. आणि सिस्टरच्या लख्ख ध्यानात आलं. हा बेशुद्ध माणूस पूर्ण विचार करतोय. दाबलं ते त्याच्या हातून निसटून गेलं होतं, पण धरून राहणं निसटलेलं नव्हतं. ट्यूटर मॅडमचा तो धडा त्याने इथेच पडून, डोळे मिटून ऐकला होता. आपल्या चुकीने ती नापास होऊ नये म्हणून तो आता सोडत नव्हता. आणि सोडवतही नव्हतं, म्हणूनही सोडत नव्हता. यातलं कुठलं किती, हे कुठल्याही मोजपट्टीवर लिहिता आलं नसतं.

"मॅडम," ती सरळ उभी राहिली, हात अजून चादरीखाली. "पकड आहे. पण सांगूनही सोडत नाहीत. त्यामुळे आज्ञा कळते असं मी लिहिणार नाही. पकड होती एवढी नोंद करीन, डॉक्टरांना कळवीन आणि थोड्या वेळाने परत तपासेन."

परीक्षक बाई दोन पावलं पुढे आल्या, चादर बाजूला करून मूठ पाहिली, कार्ड पाहिलं, पुन्हा मूठ पाहिली. बारीक ओठ किंचित सैलावले. "कार्डात हे नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कार्ड नाही, पेशंट तपासलात. पुढे चला."

"आता मी माझी बोटं सोडवून घेते हं," सिस्टर त्याला म्हणाली. आधी सांगायचं, मग करायचं. तिने त्याचं एकेक बोट उलगडलं. करंगळी, अनामिका... बिट्टी तान्ही असताना ती झोपली की अशीच उलगडायची, झोप मोडू नये म्हणून हलक्या हाताने. तेव्हाही दरवेळी वाटायचं, राहू द्यावं असंच.

*

परीक्षेनंतर खोलीला कुलूप लागलं. नवीन बॅच येईपर्यंत सराव बंद. एकमेकांचा नंबर घ्यायचं दोघांनाही सुचलं नव्हतं, किंवा सुचून राहिलं होतं. निकाल लागला. मॅडमनी तिला मिठी मारली आणि लगेच चष्मा पुसायला घेतला. आईच्या गावचा कागद आला. बिट्टी फोनवर म्हणाली, "आई, खलंच?" आणि सिस्टरने वॉर्डाच्या जिन्यात बसून रडून घेतलं. कशासाठी किती, ते तिने मोजलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ती मागच्या खोलीकडे गेली. कुलूप निघालेलं होतं. उद्यापासून नवीन मुली येणार होत्या. मॅडम कपाटं लावत होत्या. तिला बघून म्हणाल्या, "मी जरा लॉंड्रीतून चादरी घेऊन येते," आणि हातात ढीगभर धुतलेल्या चादरी असूनही बाहेर गेल्या.

तो बेडवर होता. मास्क नाही, बॅंडेज नाही. डोळे मिटलेले.

"अहो," ती म्हणाली.

डोळे उघडले नाहीत. तिला समजलं. उघड्या डोळ्यांनी हे ऐकणं त्याला जमणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या डोळ्यांत बघून बोलणं तिलाही जमलं नसतं. ती बेडच्या कडेला बसली.

"मी सिस्टर. दुपार आहे. धुकं आज निवळलंय, पण ऊन नाही. मी उद्या सकाळच्या गाडीने जाते आहे. तुम्हाला न सांगता जाणार नाही म्हणाले होते, म्हणून आले." आवाज अडकला नाही. "बूट कोरडे आहेत. नळाला वॉशर बसवला. बिट्टीचा खोकला गेला. तुमच्या वडिलांना... मी तिकडे आयसीयूत गप्प पेशंटशी बोलेन, तेव्हा तुमच्या वडिलांशीही बोलतेय असं समजेन. आणि... मला तुम्ही आवडता. फार. हे एकदा पोचवायचं होतं. उत्तराची वाट बघत नाहीये."

 चार नंबरचा रबरी डमी छताकडे बघत होता.

तिने दोन बोटं त्याच्या तळहातात ठेवली.

"ऐकू येत असेल तर माझी बोटं दाबा."

त्याने दाबली. मिटलेल्या पापणीखालून एक ओली रेघ कानाकडे गेली. ती मात्र त्याच्या ताब्यात नसावी.

 बाहेर लॉंड्रीचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. कॉरिडॉरमधून कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"आता... सोडा."

आणि या वेळी त्याने सोडली. लगेच. सगळी बोटं एकदम उघडली, तळहात आभाळाकडे करून हात चादरीवर पसरला. सांगितल्यावर सोडतो, तो शुद्धीवर. पूर्ण शुद्धीवर होता तो.

हात उघडा होता, अडवणारं काही नव्हतं. तिची दोन बोटं मात्र अजून तिथेच होती.